आधी स्वतःच्या गळ्यात

"आंदी माह्या गयात, मंग त्याच्या!" असं म्हणून काकूंनी भर दुकानात कुत्र्याची फासाची साखळी स्वतःच्या गळ्यात चढवली आणि दुसरं टोक दुकानदाराच्या हातात दिलं. "ओढ बापा." त्याने काही ओढली नाही, पण त्याला जो घाम फुटला, त्यात अख्ख्या अकोल्याला दोन दिवस पाणी पुरलं असतं.

जठारपेठेतल्या आमच्या शेजारीण, या काकू निवृत्त शिक्षिका. ओळखीत कुणीही कुत्रा पाळला की त्याचा पट्टा त्या आधी स्वतःवर चालवून बघत. तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो, माझ्या शेरूने घरमालकांचा पायजमा गुडघ्यापर्यंत फाडेस्तोवर.

मालक कडाडले, "येत्या रविवारी माह्यासमोरून गुमान गेला तं ठीक. नाई तं हिवरखेडच्या मळ्यात खुट्याले बांधतो त्याले, जलमभर!"

हातात सात दिवस. मी घाबरून आतून काटे असलेला पट्टा आणला, विजेचा झटका देणाराही आणला. काकूंनी काट्यांचा पट्टा मनगटावर नुसता दाबला आणि लाल ठिपक्यांची रांग माझ्यापुढे धरली. विजेच्या पट्ट्याचं बटण दाबलं तेव्हा तर त्या अशा उडाल्या, की अमरावतीहून दिसल्या असतील. खाली आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "त्याले इतकंच समजीन का हा माणूस दिसला की मान दुखते. मंग तो त्याचा पायजमा सोडीन काय?"

मग त्यांनी छातीवर कडी असलेला अंगपट्टा मागवला. तो मात्र त्यांनी मलाच घातला.

"ओढ न! काहून लाजतं?"

मी जोर केला की गर्रकन त्यांच्याकडेच वळायचो. गळ्याला धक्का नाही. आळीतल्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या.

"हे जमलं," काकू म्हणाल्या. "आता अंडं उकड."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तालीम सुरू. शेरूने ओढलं की काकू विजेच्या खांबासारख्या उभ्या. दोरी सैल झाली की शाबासकी, अंड्याचा तुकडा आणि पुढचं पाऊल. गेटपासून कोपऱ्यापर्यंत पन्नास पावलं. पहिल्या दिवशी त्यात तीन ऋतू गेले. मालक ओट्यावर पेपर वाचत. रोज त्यांच्या थोडं जवळून जायचं. चौथ्या दिवशी शेरू त्यांच्यावर झेपावला, काकू आपटल्या, कोपर फुटलं.

"राहू द्या, काकू," मी म्हणालो.

"मी सहावी ब शिकवली हाये, भाऊ. हा तं लय शहाणा हाये."

कोपराला पट्टी बांधून त्या पाचव्या दिवशी सहाला हजर.

रविवार उजाडला. मालक ओट्यावर. शेरू गुरगुरला, दोरी ताणली. काकू थांबल्या. आम्ही थांबलो. माझा अंदाज, नेहरू पार्कापर्यंतच्या सगळ्या रिक्षा थांबल्या असाव्यात. किती वेळ गेला देव जाणे. शेरूने मान वळवली आणि काकूंकडे पाहिलं. दोरी सैल झाली. दोघं मालकांच्या समोरून निघून गेले.

"राहू दे मंग," मालक पेपरमागून पुटपुटले.

गेल्या हिवाळ्यात काकू उपचारासाठी लेकीकडे अमरावतीला गेल्या आणि तिथेच वारल्या. माझी ड्युटी आता सकाळची. शेरूला मालकच फिरवतात. परवा सुट्टी म्हणून मीही मागून निघालो, तर काकूंच्या कुलूप लावलेल्या फाटकापुढे शेरू बसला तो उठेचना. मालक कण्हत कण्हत त्याच्यासमोर उकिडवे बसले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले,

"लेकीकडं गेल्या ना त्या. येतीन बापा, दिवाळीले येतीन."