भांगाचे चार दिवस

पहिल्यांदा गळ हातात धरला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. तोवर माशांशी माझा संबंध ताटापुरता होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही पुण्याहून मस्कतला, बौशरमध्ये राहायला आलो आणि एका सहकाऱ्याने मला भाड्याच्या बोटीतून समुद्रात नेले. त्या दिवशी माझ्या दोरीला शेरी नावाचा बऱ्यापैकी मोठा मासा लागला. सभेत प्रश्न विचारायलाही कचरणाऱ्या माझ्यासारख्याला, पलीकडून कोणी इतक्या आग्रहाने ओढते आहे, हा अनुभव नवा होता. बोटीच्या भाड्यातला माझा वाटा ऐकून पत्नी म्हणाली, "बाजारात याहून स्वस्त मिळतो. आणि साफ करून देतात."

तेव्हा परवडणारी जागा शोधणे भाग होते. हॉटेलांच्या किनाऱ्यांवरचे पहारेकरी माझ्या हातातल्या दांडीकडे पाहूनच मान हलवीत. मदिनत सुलतान काबूस या उच्चभ्रू वस्तीतल्या एका परिचितांनी एक क्लब सुचवला; त्याची वर्गणी पाहता सभासदांना मासे घरपोच मिळत असावेत. शेवटी मच्छीमारांच्या धक्क्यावर एका वृद्ध ओमानी गृहस्थांना मी पाठ केलेल्या अरबीत विचारले, "येथे बसू का?" ते प्रसन्नपणे म्हणाले, "इन्शाल्ला." हा होकार की नकार, हे विचारण्याइतके अरबी मी पाठ केले नव्हते. मी नकार धरून घरी आलो.

जागा मिळाली ती किराणा दुकानात. आमच्या इमारतीखाली दुकान चालवणारे गृहस्थ रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले मुसलमान. मी त्यांना भाई म्हणत असे, ते मला साहेब. नायलॉनची दोरी किती जाड असावी, असे मी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, कपडे वाळत घालायला की गरवायला?" गळाने मासे धरण्याला त्यांच्याकडे गरवणे म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या शुक्रवारी पहाटे, फजरच्या नमाजानंतर त्यांनी मला एका वस्तीमागच्या पायवाटेने नेले. खाली खडकांनी वेढलेले छोटे आखात होते, आणि त्यांच्या गावचे चौघे आधीच बसले होते. "जागा फुकट हाय," भाई म्हणाले, "पण कोणाला सांगू नका. चार माणसांना कळली की चाळीस येतात."

मी कोणालाही सांगितले नाही. तेथे मला कोणी हुद्दा विचारत नसे. मासा निसटला तर कोणीतरी म्हणे, "ऱ्हाऊ दे साहेब, त्याचं लग्न ठरलं असेल." आठवड्यातले ते तीन तास गमावण्याची कल्पनाही मला सोसणारी नव्हती.

अशातच एका गुरुवारी संध्याकाळी भाईंचा फोन आला.

"साहेब, उद्या नको. भांग लागलाय."

"काय लागलाय?"

"भांग. चार दिवस तरी ऱ्हाणार. दर अष्टमीला लागतोच. आमी आपले बसतो खडकावर, गप्पा हाणतो. तुमची फुकट खोटी कशाला?"

प्यायची ती भांग स्त्रीलिंगी. कोकणात लिंगाची गल्लत होते, असा निष्कर्ष काढून मी ते वाक्य मनातल्या मनात शुद्ध केले, आणि शुद्ध केल्यावर दाराची कडी लागली आहे ना, हे पाहून आलो. तिथी पाळून केलेले इतके शिस्तबद्ध व्यसन मी ऐकले नव्हते. ज्या देशात अशा गोष्टीसाठी तुरुंग आणि मग परतीचे विमान, तेथे मी त्या पाच जणांबरोबर उघड्या खडकावर बसत होतो. मला मुले होती, त्यांची शाळा होती, पासपोर्टावर कंपनीचा व्हिसा होता.

पुढचे तीन शुक्रवार मी पाहुणे, पाठदुखी आणि मुलांच्या परीक्षा यांच्या आड लपलो. एकदा पुन्हा त्या 'इन्शाल्ला'वाल्या धक्क्यापर्यंत गेलो आणि गाडीतून न उतरताच परतलो. जागा सोडवत नव्हती. अखेर असे ठरवले की भाईंनाच समजवावे. दोन दिवस वाक्ये रचली आणि दुकानात गिऱ्हाईक नसल्याचे पाहून आत गेलो.

"भाई, लहान तोंडी मोठा घास घेतो आहे. पण तुम्ही कुटुंबवत्सल माणूस. ते सोडता नाही का येणार?"

"काय सोडू?"

"भांग."

"भांग मी कसा सोडू?" भाईंनी छताकडे बोट दाखवले. "तो वरचा लावतो. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. पाणी धड चढत नाय, धड उतरत नाय, मासा गळाकडे बघत नाय. तुमच्या पुण्याला काय म्हणतात त्याला?"

पुण्याला त्याला काहीच म्हणत नाहीत, कारण पुण्याला समुद्र नाही. माझा चेहरा वाचत त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटले, आता हसतील. ते हसले नाहीत.

"म्हणजे तीन जुम्मे..." ते म्हणाले. "साहेब, मी पाच वक्ताचा नमाजी माणूस. सुपारीसुद्धा खात नाय."

मी क्षमा मागितली. ती फार व्याकरणशुद्ध होती, त्यामुळे बहुधा पोचली नाही. भाई काउंटर पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.

त्या गुरुवारी फोन आला नाही. घरच्या दिनदर्शिकेत पाहिले. शुक्रवारी अष्टमी होती. मी पहाटे उठून एकटाच गेलो. पाणी खरोखरच निश्चल होते. पाचही जण बसले होते, आणि त्यांच्या गप्पा माझ्या पावलांनी थांबल्या.

"आज कशाला आलात?" भाईंनी मागे न वळता विचारले. "भांग हाय."

"माहीत आहे. भांग लागला आहे."

पुल्लिंगी क्रियापद मी जरा जोर देऊन उच्चारले असावे. चौघांपैकी एकाला ठसका लागला. पुढचे तीन तास कोणाच्याही दोरीला काही हिसका बसला नाही. मला कोणी दोष दिला नाही, आणि साहेबही म्हटले नाही. उन्हे चढल्यावर भाई दोरी गुंडाळू लागले.

"पुढच्या जुम्म्याला उधाण हाय," ते म्हणाले. "मी फोन करीन. पण आता नुसतं 'या' म्हणेन, नायतर 'नको' म्हणेन. तिसरा शब्द नाय बोलणार."

मी मान डोलावली. पुढच्या गुरुवारी, रात्रीच्या जेवणाआधी फोन वाजला. पलीकडून "या" एवढेच आले, आणि मागे चार माणसांचे मोठ्याने हसणे ऐकू आले.