पाहुणी मशीन

मिस्त्रींना हळू बोलताच येत नसे. हिंगणघाटच्या गिरणीत वीस वर्षं फिटरचं काम करून त्यांचा डावा कान गेला होता, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. कानाशी येऊन ते गुपित सांगत आणि ते गेटवरच्या वॉचमनलाही कळे.

गिरणी सोडून ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप शिकवायला आले होते. कॉलेज नवं, विनाअनुदानित. सरकारी कॉलेजातला माझा नंबर थोडक्यात हुकला, तेव्हा सेलूला मास्तर असलेल्या माझ्या बाबांनी पिपरी मेघेचा प्लॉट विकून डोनेशन भरलं. त्या प्लॉटवर बांधायच्या घराचा नकाशा आईनं जपून ठेवला होता. तो तिनं बंबात घातला.

पहिल्या दिवशी वर्कशॉपमध्ये शिरलो आणि थबकलोच. पत्र्याचं शेड, त्यात लोखंड कातायचा एकुलता एक जुना लेथ. माहितीपत्रकात तर रांग होती! ‘‘बाकीचे लेथ कुठं आहेत?’’ मी विचारलं.

‘‘फोटोत,’’ मिस्त्री म्हणाले. अख्खं शेड हसलं. ते हसले नाहीत.

त्या एका लेथवर ते साठ पोरांना शिकवत. ‘‘एकानं मशीन चालवाची, बाकीच्याइनं पाहाची,’’ ते सांगत. ‘‘पाहूनबी येते लेका, पण नजर हलली नाई पायजे.’’

दुसऱ्या वर्षी तपासणीची कमिटी यायची होती. आदल्या दिवशी एक ट्रक आला आणि त्यातून सहा कोऱ्या मशिनी उतरल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मिस्त्री मात्र त्यांच्याकडे फिरकले नाहीत. सकाळी कमिटीतल्या एका साहेबांनी मिस्त्रींना विचारलं, ‘‘या मशीनवर मुलं आठवड्यातून किती तास काम करतात?’’

‘‘ही पाहुणी मशीन हाय साहेब. काल आली, उद्या जाईन.’’

संचालक बाजूलाच उभे होते. मला वाटलं, आता कॉलेज बंद होणार, बाबांचा प्लॉट बुडाला. पण साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कमिटीनं चहा घेतला, चिवडा खाल्ला आणि मान्यतेच्या कागदावर सही केली. संध्याकाळी मिस्त्रींना काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी ट्रक येऊन मशिनी घेऊन गेला. कोणीच काही बोललं नाही. मीही नाही.

मिस्त्रींनी आर्वी नाक्याजवळ गाळा घेतला, पत्नीचे दागिने मोडून एक लेथ आणला. मी लाजत भेटायला गेलो, तर म्हणाले, ‘‘रविवारी येत जाजो. फुकट शिकवतो. तुमच्या मायबापानं पैसे देले, तुमाले काही तं भेटलं पायजे.’’ दोन वर्षं मी दर रविवारी जात होतो.

पदव्या सगळ्यांना मिळाल्या. वडनेरचा दिलीप माझ्या खोलीत राहायचा. फीसाठी त्याच्या वडिलांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. तो पदवी घेऊन एसटीडी बूथवर बसू लागला. मला नागपूरच्या कारखान्यात मुलाखतीला थेट लेथवर उभं केलं, आणि नोकरी लागली.

पेढे घेऊन मी धावतच गाळ्यावर गेलो. मिस्त्री स्टुलावर बसले होते. लेथच्या जागी जमिनीतून चार बोल्ट वर आलेले.

‘‘लेथ कुठं गेला मिस्त्री?’’

‘‘विकला. सुधाकरची ॲडमिशन केली.’’ सुधाकर त्यांचा मुलगा.

‘‘कुठं?’’

त्यांनी आमच्याच कॉलेजचं नाव घेतलं. मला खरंच वाटेना. ‘‘काऊन मिस्त्री? तुम्हाले तं सगळं माहीत होतं!’’

‘‘माहीत हाय म्हणूनच.’’ ते शांत होते. ‘‘तुले लेथवर उभं केलं, पण गेटच्या आत कशानं घेतलं? डिगरी पाहून. मले तुहाहून जास्त येते. मले कोणी आत घेतलं असतं?’’

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि नेहमीच्याच आवाजात, सारा रस्ता ऐकेल असं म्हणाले, ‘‘डिगरी देतीनच त्याले. काम तू शिकवजो. माह्याजवळ आता मशीन नाई.’’