तीन तारा आणि आत्याची गिरणी

माझ्या नणंदेला सगळं गाव आत्या म्हणतं. आधी फक्त माझी मुलं म्हणायची. मग दळण घेऊन येणाऱ्या बायकांनी ते उचललं, आणि आता तिच्याहून वयानं मोठे असलेले न्हावीदादासुद्धा तिला आत्याच म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला वन्सं म्हणायला मला सांगितलं होतं, पण दोन वेण्यांच्या शाळकरी पोरीला वन्सं म्हणताना माझं मलाच हसू यायचं. त्या वेण्या रोज सकाळी मीच घालायची.

गिरणी सासऱ्यांनी घातली. त्यांच्यामागे ती माझ्या यजमानांकडे यायची होती, पण डिझेलच्या वासानं त्यांचं डोकं दुखायचं. ते मास्तर झाले आणि गिरणी धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडली. "दादाचं डोकं दुखलं आणि माझा जन्म पिठात गेला," असं ती येता-जाता ऐकवायची, पण दुसऱ्या कुणी गिरणीला हात लावलेला तिला मुळीच खपायचं नाही. लग्नाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तिनं एवढंच विचारलं, मुलगा इथे येऊन राहील का? मुलाकडचे नाही म्हणाले. मग हीही नाही म्हणाली.

गिरणी म्हणजे गावाच्या टोकाला ओढ्याजवळ एक पत्र्याची खोली. आत दगड, त्यांना पट्ट्यानं जोडलेलं डिझेलचं इंजिन, आणि दारात डब्यांची रांग. आमच्याकडे दळणाला माणूस थांबत नाही, डबा थांबतो. आपला डबा रांगेत ठेवायचा आणि कामाला निघून जायचं. गिरणीचा धकधक आवाज ऐकून पुन्हा यायचं. दुसऱ्याचा डबा कुणी पुढे-मागे सरकवत नाही. सरकवला तर आत्या त्या घरचं दळण शेवटी घेते, आणि वर सगळ्यांसमोर विचारते, "काय ग, घर पेटलं होतं का तुझं?"

इंजिन सुरू करायला लोखंडी हँडल खोचून जोरानं फिरवावं लागायचं. इंजिन सुरू झालं की त्याच क्षणी हँडल काढून घ्यायचं. जरा उशीर झाला तर ते उलटं मारतं. आत्याला कधी उशीर झाला नव्हता. एका गार सकाळी झाला, आणि तिचा उजवा खांदा निखळला.

खांदा जागेवर बसला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा हँडलला हात लावाल तर हा हात आयुष्यात वर जाणार नाही. घरी आल्यावर तिला तोंडाशी पाण्याचा पेला नेता येईना. मी पुन्हा तिची वेणी घालायला लागले. माझ्या मुलानं शहरातून निरोप पाठवला, गिरणी विकून टाक आणि इकडे ये. त्यावर ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तिकडे जाऊन काय करू, वहिनी? तुमच्या सुनेच्या घरात फडकं मारत बसू?"

त्याच सुमारास सरकारी योजनेतून गावात वीज येणार हे पक्कं झालं. प्रत्येक घरात एक दिवा आणि विहिरीवर पंप, असा बेत होता. वीज खात्याचे तरुण साहेब नकाशा घेऊन आले तेव्हा मी तिला त्यांच्याकडे नेलं. ते अदबीनं बोलले. म्हणाले, दिव्याला एक फेज पुरतो, मोटरीला तीन लागतात. तीन फेजांची लाइन विहिरीपर्यंत येणार आहे. तिथून गिरणी लांब. एका गिरणीसाठी एवढे खांब वर मंजूर होणार नाहीत.

"म्हणजे माझ्याकडे फक्त दिवा?" आत्यानं विचारलं.

"हो, दिवा नक्की."

"छान. बंद गिरणी नीट दिसेल."

मोजणीला ते पुन्हा आले, तोवर गिरणी बरेच दिवस बंद होती. पण डबा उचलला तर नंबर जाईल, म्हणून कुणी डबा उचलला नव्हता. उलट नवे येत राहिले. गिरणीच्या दारापासून सुरू झालेली रांग धुण्याचा दगड ओलांडून, न्हावीदादांच्या दुकानावरून वळून विहिरीजवळ आली होती. साहेबांची जीप तिथे अडली.

"हे कुणाचे डबे? बाजूला घ्या."

विहिरीवर पाणी भरणारी कुंभारीण म्हणाली, "नाही घेता येणार, साहेब. नंबर जाईल."

"कसला नंबर? माणसं कुठायत?"

"हीच माणसं. तो लाल चिंधीवाला डबा माझा. त्याच्यापुढचा चेपलेला माझ्या जावेचा, तिच्यासारखाच."

साहेब खाली उतरले आणि डब्यांच्या कडेकडेनं चालत गिरणीपर्यंत गेले. दारात उजवा हात गळ्यातल्या झोळीत घेऊन आत्या बसली होती. डाव्या हातानं ती दगडावरची धूळ झाडत होती. "दुसरी गिरणी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. तिनं ओढ्यापलीकडे दूर बोट दाखवलं. परत जाताना त्यांनी टेप काढून त्याच रस्त्यानं, डब्यांना धक्का न लावता, अंतर मोजलं. "मी लिहितो," म्हणाले, "पुढचं माझ्या हातात नाही."

मग मंजुरी येईपर्यंत आत्यानं दुसऱ्यांचा हात खपवून घेतला; गावातले पुरुष पाळीनं हँडल मारून देत. ज्या दिवशी कुणी येत नसे, त्या दिवशी आत्या हँडलकडे पाहत बसायची आणि मी तिच्याकडे.

मंजुरी आली, गिरणीपर्यंत खांब आले, तारा ओढल्या, आमच्या घरात दिवा लागला. पण आम्ही दोघी त्या दिव्याखाली मोटरीचीच वाट पाहत होतो. अखेर मोटर बसली. जोडणी केली आमच्याच वायरमननं, ज्यानं गावभर बल्ब लावले होते. आत्यानं गहू ओतला, डाव्या हातानं बटण दाबलं. मोटर फिरली, पट्टा फिरला, दगड फिरले. सगळ्या बायका कापडी नळीखाली पिठाची वाट पाहत उभ्या राहिल्या. पीठ काही आलं नाही. दगड घरघरत राहिले, बाजूनं भरड तेवढी सांडली.

आत्यानं बटण बंद केलं. "झालं तुमच्या विजेचं," ती म्हणाली, आणि सरळ कोपऱ्यातलं हँडल उचललं.

मी इंजिनापुढे उभी राहिले.

"वहिनी, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"लोक खोळंबलेत!"

"डबे खोळंबलेत. डब्यांना घाई नाही. हात एकदा गेला की मग?"

इतक्यात विहिरीवर पंप बघायला आलेल्या साहेबांना कुणीतरी बोलावून आणलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पट्ट्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. "अहो, दगड उलटे फिरताहेत! मोटरीच्या तीन तारांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करा, सुलट फिरेल."

वायरमन कावराबावरा झाला. "बल्ब कधी उलटा पेटतो का, साहेब? मला काय माहीत!"

दोन तारा बदलल्या. आत्यानं बटण दाबलं. हँडल अजून तिच्या डाव्या हातात होतं. नळी फुगली आणि पीठ पडायला लागलं. तिनं चिमूटभर बोटांत चोळलं, पुन्हा चोळलं, हँडल खाली ठेवलं आणि कुंभारणीवर ओरडली, "बघतेस काय? डबा धर!" मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

आता मोटरीचा आवाज घरापर्यंत येत नाही. त्यामुळे बायकांना गिरणी चालू आहे की बंद ते कळत नाही, आणि त्या माझ्या दारात येऊन विचारतात. मला त्याचा वैताग येतो, पण मी सांगते. परवा सकाळी मी कंगवा घेऊन बसले, तर आत्या आधीच निघून गेली होती. गिरणीत जाऊन पाहिलं. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन ती केसांत आकडा खोचत होती. अंबाडा पार एका कानाकडे झुकलेला.

"वाकडा झालाय," मी म्हटलं.

"असू दे. माझा मी घातलाय."