उन्हात ठेवलेला सेल

२००८च्या उन्हाळ्यात सांता क्लारामध्ये मी सिगारेट सोडली, म्हणजे बॅटरीवर घेतली. बायकोला सहावा महिना होता आणि बाळ घरी येण्याआधी खरी सिगारेट बंद, अशी तिची अट होती. मॉलमधल्या एका स्टॉलवरून मी इलेक्ट्रॉनिक सिगारेट आणली. ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा आणि तोंडातून नुसती वाफ यायची. धूर नाही, वास नाही, मी खूश.

अडचण एकच. सकाळी फुल चार्ज केलेली बॅटरी दुपारी तीनला मान टाकायची आणि नेमकी तीनलाच ऑफिसातली मंडळी खाली सिगारेट ओढायला निघायची. त्यांच्यासोबत एकदा जरी गेलो असतो तरी दिलेला शब्द गेला असता. तेव्हा काहीही करून बॅटरी पाचपर्यंत टिकवायची होती. इंजिनिअरच मी, लागलो कामाला. बॅटरीच्या आट्यांमध्ये नळीतला चिकट रस साचायचा, तो कान कोरायच्या कापसाच्या काडीने रोज पुसायला लागलो. लांब झुरके बंद केले. तापलेल्या गाडीत ती विसरायची नाही, हेही पाठ केलं. एवढा आटापिटा करून बॅटरी साडेतीनपर्यंत पोचली. बायकोने हार आणू का म्हणून विचारलं.

अशात बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. पस्तिशी उलटली तरी बाबांसमोर ओढायची माझी छाती नव्हती. टेबलावरची नळी पाहून हे काय म्हणून त्यांनी विचारलं, तर मी टॉर्च म्हणून ठोकून दिलं. दिवा लागतच होता की! बायकोने कपाळाला हात लावला.

एका शनिवारी आम्ही दोघं नवरा-बायको भाजी घेऊन आलो तर नळी टेबलावर नाही. बाल्कनीत पाहिलं तर भर उन्हात रिमोटचे दोन सेल आणि त्यांच्या पंगतीला माझी बॅटरी. आमच्याकडे सेल उतरला की आधी उन्हात, मग दाताखाली आणि नवा अगदीच नाइलाज झाला तर. पण या बॅटरीला ऊन म्हणजे विष. धावत जाऊन उचलली, तर बोटांना चटका बसला आणि तोंडून निघून गेलं, "अहो बाबा, फुटली असती ना! टॉर्च नाहीये ती."

"मालूम आहे," बाबा म्हणाले. "टॉर्च कोणी तोंडात धरते का?"

रोज संध्याकाळी मी गाडीच्या आडोशाला ओढत उभा राहायचो, ते त्यांना वरून दिसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनेच विचारलं, मग उन्हात कशाला ठेवली?

"दुपारी उतरते म्हणत होता ना हा तुला. उतरली की खरी ओढंल."

आता तासभर ऐकून घ्यावं लागणार असं वाटलं होतं, पण बाबांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "लोडशेडिंगमध्ये तुझी आई एका सेलवर महिना काढायची. टॉर्च कमी लावला की सेल पुरते, बेटा."

एवढी साधी गोष्ट माझ्या इंजिनिअरिंगला सुचली नव्हती. आधी सकाळचे झुरके गाळले, मग गाडीजवळचे. तीनच्या वेळचे सुटायला फार जड गेले, चिडचिड व्हायची, बायकोवर दोनदा उगाच ओरडलोही. मुलगी झाली तेव्हा बॅटरी दोन दिवस पुरत होती.

बाबा परत गेले. दर रविवारी फोन व्हायचा, पण ओढतोस का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. सेल किती दिवस पुरते, एवढंच विचारायचे. मी सांगायचो, चार दिवस, मग आठवडा. एका रविवारी मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं, चार्ज करून महिना झाला, ड्रॉवरमधून बाहेरच काढली नाही.

बाबा म्हणाले, "पाह्य, उन्हात ठेवल्याचा फायदा झाला."