धानाच्या खोलीतलं यान

"रंग सुकला काय वो?"

भोजराज माझ्याशी बोलले ते शेवटचं वाक्य हे. नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं कसं असावं, याचा मी कधी विचार केला नव्हता, पण ते रंगाबद्दल असेल असं काही वाटलं नव्हतं. गोंदियाच्या दवाखान्यात, छातीला वायरी लावलेल्या असताना, तोंडावरचा मास्क स्वतःच बाजूला सारून त्यांनी हे विचारलं. नर्सनं दटावलं आणि मास्क पुन्हा जागेवर बसवला. मी म्हटलं, "तुमी गप पडून राहा जी. घरी जाऊन पाहते, मग सांगते." दुपारी कपडे आणायला म्हणून मी बसनं घरी आले. पिशवी भरायच्या आधी धानाच्या खोलीत गेले, हात आत घालून बोट टेकवलं. बोटाला काही लागलं नाही. परतीच्या पावसाची ओल अजून भिंतींना होती, तरी रंग खडखडीत सुकला होता. मला इतका आनंद झाला की परतताना बसमध्ये मी तेच मनात जुळवत होते... सुकला, आता उठा, असं म्हणणार होते. गोंदिया यायच्या आधीच नितेशचा, दवाखान्यात थांबलेल्या आमच्या मुलाचा, फोन आला. "आई, कुठी पोचली?" एवढंच म्हणाला आणि पुढे बोलेचना. मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले. शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं.

ज्याच्या रंगाची ही काळजी, ते एक यान होतं. आकाशातलं. त्यांना जाऊन आता महिना उलटून गेलाय, आणि हे लिहिताना मला हसूही येतं. भोजराजचं गोरेगावात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळलेल्या मोटारी यायच्या, हे त्यांना तांब्याची नवी तार गुंडाळून परत पाठवायचे. तरुणपणी एका लग्नघरी व्हिडिओ आणला होता आणि कोणीतरी चुकून इंग्रजी पिक्चर उचलून आणला. मंडळी कंटाळून उठून गेली, हे एकटे शेवटपर्यंत बसले. सगळे साथीदार गेलेत आणि उरलेला एक माणूस, एकाच माणसाला पुरेल एवढ्या यानात बसून पृथ्वीवर परत येतोय, अशी काहीशी ती गोष्ट. भाषा कळली नाही, पण ते यान डोक्यात बसलं ते बसलंच. लग्नानंतर पहिल्यांदा मला माहेरी सोडायला आले, तेव्हा बसमध्ये त्यांनी मला तीच गोष्ट सांगितली. नवी नवरी मी, मला वाटलं काहीतरी गोड बोलतील. हे आपले त्या यानाचं दार कसं उघडतं ते हातवारे करून दाखवत होते.

नितेश नोकरीला नागपूरला गेला आणि घर रिकामं झालं. धानही आता मळणी झाली की थेट विकायला जातं, त्यामुळे ते साठवायची खोलीही रिकामीच होती. एक दिवस शाळेतून घरी आले तर हे त्या खोलीत बांबू चिरून पातळ कमच्या काढत बसलेले. मी विचारलं, तर म्हणाले, "यान बनवून राहिलो." जणू भजी तळून राहिलेत. कोणाची मदत घेतली नाही, मलाही आत येऊ देत नसत. आमच्याकडे धान ठेवायची ढोली विणतात, माणसाच्या उंचीची, बांबूची, वरून शेण-मातीनं लिंपलेली. यांनी यान तसंच विणलं, जमिनीपासून वर. लिंपण्याऐवजी खळ लावून जुनी धोतरं चिकटवली, त्यावर पुट्टी घासली, मग रंग. पंपाच्या मोडक्या स्टार्टरची बटणं आणि काट्याची मीटरं समोर बसली. खुर्ची भंगारातल्या जीपची. माझी पुरणाची चाळणी दिसेना म्हणून मी घर पालथं घातलं. "काऊन जी, माझी चाळणी पाहिली काय?"

"गेली वर."

"वर कुठी?"

"आकाशात." चाळणी यानातल्या रेडिओच्या तोंडाला लागली होती, आणि खरं सांगायचं तर शोभत होती. त्या होळीला आम्ही शेवंताबाईंची चाळणी मागून आणली. शेवंताबाई आमच्या शेजारी, त्यांनी ती देताना यानाची चौकशी केलीच.

दुकानातून आल्यावर चहा पिऊन ते आत जायचे. मी वह्या तपासत बसायची आणि आतून पॉलिशपेपरचा आवाज यायचा. मध्येच हाक मारून विचारायचे, "हे गोल दिसते काय?" मी जागेवरूनच "हो" म्हणायची. न बघता म्हणतेय हे त्यांना ठाऊक असायचं, तरी विचारायचे. सगळ्यात जीव होता तो दारातल्या गोल खिडकीवर. गोंदियाच्या भंगारवाल्याकडून कपडे धुवायच्या मशीनचं काचेचं दार आणलं आणि ते असं बसवलं की तिथेच जन्मलंय असं वाटावं. पुढे नितेश सुट्टीत आला, त्यानं कुठून तरी शोधून तो पिक्चर मोबाईलवर लावून दिला. आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून पाहत बसलो. यान आलं... आणि त्याला खिडकीच नव्हती! सगळं बंद, नुसता पत्रा. नितेश माझ्याकडे पाहायला लागला, मी त्याच्याकडे. इतक्या वर्षांचं मनातलं चित्र, आता याचं काय होणार? भोजराजनी ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं, नीट पाहिलं, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "पिक्चरवाल्याइनं चुकवलं. खिडकी नाही तं घर आलं हे त्याले समजन कसं?" खिडकी राहिली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, गावोगावचे पाहुणे आले, नाटक पाहायला आलेले आमच्या घरी यान पाहायला येऊ लागले. नाटकमंडळाची पोरं म्हणाली, स्टेजजवळ नेऊन ठेवू. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं की ते दारातून निघणारच नाही. ढोली खोलीतच विणतात, ती बाहेर काढायची नसतेच. यांनीही त्याच सवयीनं विणलं आणि दाराचं माप घ्यायचं विसरले. पोरं हसून हसून लोळायची राहिली. शेवंताबाई म्हणाल्या, "भाऊ, हे राकेट उडन कसं मंग? छपराचे कवेलू फोडून काय?"

"राकेट नोहोय वो बाई. राकेट जाते. हे वापस येते." त्या दिवशी मीही सगळ्यांबरोबर हसले होते. आता ते वाक्य आठवलं की मला यांचा राग येतो. परत येण्याचा एवढा नाद होता, तर मग...

पण राग येण्याचं खरं कारण वेगळंच आहे. भोजराज त्या यानात एकदाही बसले नाहीत. ज्या खुर्चीत बसण्यासाठी सगळा जन्म त्या पिक्चरची आठवण सांभाळली, तिच्यात बसले नाहीत! नव्या धानाचा पहिला भात घरच्या देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंडात घालत नाही. त्याला नवं खाणं म्हणतात, लहान लेकरूसुद्धा त्याआधी शीत चाखत नाही. यांनी तोच नियम यानाला लावला. पूर्ण झाल्यावर, नव्याच्या दिवशी देवाला भात दाखवायचा, मग यानाला हळदीकुंकू लावायचं आणि मग बसायचं. तोवर खुर्चीत काम असलं तरी हे वाकून, गुडघ्यावर बसून करायचे. उन्हाळ्यापासून यांना दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या, जिना चढताना दोनदा थांबू लागले. मला भीती वाटायची आणि एकच वाटायचं, यांनी एकदा त्यात बसावं, बस. मी म्हटलं, "बसून घ्या ना जी एकदा. कोण पाहून राहिलं?"

"नवं केल्याबिगर तू भात खाते काय?"

"भात वेगळा."

"काऊन वेगळा?" देवाधर्माचं फारसं न पाहणारा हा माणूस, त्याला नेमका हाच नियम पाळायचा होता. लवकर पिकणारं हलकं धान कापायला आलं होतं, आतून रंगाचा शेवटचा हात तेवढा मारायचा होता. तो त्यांनी मारला, ब्रश रॉकेलमध्ये घालून ठेवला, ओट्यावर येऊन बसले आणि छातीला हात लावला. जायला आणखी चार दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?

सुतकामुळे यंदाचं नवं लांबलं. सगळं आटोपल्यावर नितेश म्हणाला, करून घेऊ, बाबांना आवडायचं. मी नव्या तांदळाचा भात केला, देवाला दाखवला. मग दोघांनी धानाच्या खोलीत जाऊन यानाला हळद लावली, कुंकू लावलं. आता बसायचं कोणी? नितेश म्हणाला, "आई, तूच बस." त्यानं मला हात धरून आत चढवलं आणि बाहेरून दार लावलं. आत रंगाचा आणि बांबूचा वास होता. खुर्ची इतकी खोल की माझे पाय लोंबकळत राहिले. भोजराज चांगले उंच होते, सगळं त्यांच्याच अंगाच्या मापानं बसवलेलं. दिव्याचं बटण वर, छताला. मी हात वर केला. पुरला नाही. बसल्या बसल्या ताणून पाहिलं, तरी बोटं पोचेनात. बाहेरून नितेश म्हणत होता, "आई, दिवा लाव ना." "लावते," म्हटलं आणि तिथेच अंधारात रडत बसले. किती वेळ ते ठाऊक नाही. यांच्या मापाच्या जागेत मी अशी सैल पडले होते, आणि हा माणूस गेलाय हे मला दवाखान्यात नाही, स्मशानातून सगळे परतले तेव्हाही नाही, तिथे कळलं.

नितेशनं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "खाली घेऊन देऊ काय आई? दोन स्क्रू तं आहेत."

"नको."

"मंग तुझा हात कसा पुरन?"

"माझा कायले पुराले पाहिजे? ज्याचं हाय, त्याचा हात पुरते तेथं."

त्यानं बटण तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी नागपूरला गेला. मी शाळेतून आले की चहा घेते आणि थोडा वेळ आत जाऊन बसते. अंधारातच बसते.