स्टुलावर सगळ्यात जास्त वेळ

हाल्डरवेन गावच्या प्राथमिक शाळेत पोर घातलं की आईबापांना पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी कळवल्या जात. डब्यात गोडधोड नको. व्यायामाचे बूट वेगळे आणावेत. वाढदिवसाला वर्गात वाटायचा खाऊ लहानसा असावा, उगाच श्रीमंती दाखवू नये. आणि प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतरच्या बुधवारी मुलांच्या केसांना जेल लावू नये, कारण त्या दिवशी शाळेत उवा बघतात. बाकीचे नियम शाळेचे होते. हा शेवटचा रूल्फीन हाडरिंगचा होता.

रूल्फीन शाळेची उवांची आई, म्हणजे पोरांची डोकी तपासणारी. हे काम बिनपगारी. कुणीतरी आई ते हौसेने पत्करते, किंवा पालकसभेत विचारणा होते तेव्हा मान खाली घालायला तिला उशीर होतो. रूल्फीन दुसऱ्या प्रकारातली. बाकीच्या आया कॉफीच्या कपात बघत बसल्या होत्या आणि ही साखरेचा चमचा शोधत होती, तेवढ्यात तेव्हाच्या मुख्याध्यापकांची नजर हिच्यावर पडली. तेव्हा तिचा धाकटा मुलगा पहिल्या वर्गात होता. आता तो समुद्रात पवनचक्क्या दुरुस्त करतो, त्याला दाढी आहे, आणि तरी रूल्फीनकडून ती बारीक दातांची फणी कुणी परत मागितली नव्हती. तिनेही दिली नव्हती.

कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी तिचं स्टूल असे. उजेड पाठीमागून यायला हवा, नाहीतर लिखा दिसत नाहीत. पोरं ओळीने येत, बसत, आणि बसल्या बसल्या घरातलं सगळं बोलून मोकळी होत. कुत्रा कुणाच्या अंथरुणात झोपतो, बाबा हल्ली सोफ्यावर का झोपतात, सगळं. रूल्फीन हूं हूं करी आणि विसरून जाई. ऊ सापडली तरी तिचा चेहरा हलत नसे. पत्ते खेळणाऱ्यांनी शिकवणी लावावी असा तो चेहरा होता. सापडो न सापडो, प्रत्येक डोक्याला सारखाच वेळ. दुपारी ऑफिसमधून ज्याच्या डोक्यात सापडली त्या एकाच घरी फोन जाई, आणि वर्गातल्या सगळ्यांना मोघम निरोप, की वर्गात उवा आहेत, घरी बघा. नाव नाही. कधीच नाही.

ह्या मौनाला कारण होतं. रूल्फीन बटाट्याच्या शेतावर वाढली. सहा-सात वर्षांची असताना तिला उवा झाल्या, तेव्हा आईने तिच्या डोक्यावर रॉकेल ओतलं, फडकं बांधलं, आणि तशीच रविवारी चर्चला नेली. अख्ख्या चर्चभर वास. तिच्या बाकावरची माणसं सरकत सरकत पलीकडे गेली. पुढे वर्षभर तिच्याशेजारी वर्गात कुणी बसलं नाही. आईवर तिने कधी राग धरला नाही, आईला दुसरं काही माहीतच नव्हतं. पण शेजारची रिकामी जागा ती विसरली नाही.

शरद ऋतूत पालकांसाठी माहितीची संध्याकाळ असे, तिथे तिला थोडा वेळ मिळे. ती तेच तेच सांगे आणि लोक दरवर्षी ते नव्याने ऐकत. उवा उडी मारत नाहीत, त्यांना पंख नाहीत, त्या चालतात, म्हणून डोक्याला डोकं लागलं की झालं. स्वच्छ केसांतही होतात आणि मळक्या केसांतही, त्यांच्यात जातपात नाही. औषध लावा नाहीतर राहू द्या, पण ओल्या केसांना कंडिशनर चोपडून दोन आठवडे रोज फणी फिरवा, आणि दर ओढीला ती पांढऱ्या कागदावर पुसा. कानामागे आणि मानेवर नीट बघा. बाहुल्या उकळू नका, त्या बिचाऱ्यांनी काही केलेलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात तिरझा आली.

तिरझाचा बाप वुब्बो दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे उजाडण्याआधी घर सोडायचा, शेजारीण पोरीला शाळेत धाडायची. आई झ्वोल शहरात दुसऱ्या माणसाकडे राहायला गेली होती. तिरझाचे केस कमरेपर्यंत, पिकल्या गव्हाच्या रंगाचे. आई गेल्यापासून त्यांना कात्री लावायची बापाची हिंमत झाली नव्हती, आणि विंचरायचं कसं तेही त्याला कळत नव्हतं. तो भाजीच्या जुडीचं रबर काढून त्यात सगळा भारा कोंबायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या बुधवारी रूल्फीनने ते रबर सोडवलं, केस तपासले, ते लख्ख होते. आता पुन्हा ते रबर लावायचं तिच्या जिवावर आलं. तिने दोन वेण्या घातल्या. पोरगी डोळे मिटून बसली होती, खांदे खाली सैल सोडून. मागची ओळ चुळबुळत होती. शरदाच्या सुट्टीनंतर पुन्हा तसंच. आपण आपलाच नियम मोडतोय हे रूल्फीनला कळत होतं. पण मुलगी नसलेल्या बाईच्या हातात असे केस आले की नियम जरा लांब राहतो.

आणि नेमक्या त्याच वर्गात उवा निघाल्या. एक डोकं होतं लिंडेचं. लिंडेची आई मार्लूस पालक मंडळाची अध्यक्ष, शिस्तीची बाई. तिने चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या, टेडी अस्वलं फ्रीजरमध्ये कोंबली, वाटाणे आणि अस्वलं एकाच खणात. उवा गेल्या. पुन्हा आल्या. थकलेल्या माणसाला दोषी लागतो, त्याशिवाय झोप येत नाही. तिने लेकीला विचारलं, वर्गात कुणाला आहेत गं? लिंडेला जे दिसलं होतं ते तिने सांगितलं. स्टुलावर सगळ्यात जास्त वेळ तिरझा बसते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आठवडाभरात वर्गातली सगळी घरं धरून चालली, की उवा तिरझाकडूनच येतात.

लिंडेचा नववा वाढदिवस तोंडावर आला होता. दिवाणखान्यात गाद्या घालून वर्गातल्या सगळ्या मुलींनी रात्रभर तिथेच झोपायचं असा बेत होता. आमंत्रणं वर्गात वाटली नाहीत, बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी वाटली. सगळ्या मुलींना मिळाली. तिरझाला नाही.

रूल्फीनला हे कळलं ते फेरतपासणीच्या दिवशी, ओळीतल्या पोरींच्या बोलण्यातून. तिरझा स्टुलावर बसली आणि ह्या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

"रूल्फीनबाई, माझ्या डोक्यात आहेत का?"

"नाहीत. एकही नाही."

"कधीच नव्हत्या?"

"कधीच नव्हत्या."

"मग ते सगळ्यांना सांगाल का?"

रूल्फीनची फणी थांबली. तिने सांगितलं, की तसं सांगता येत नाही. आज तुझ्या डोक्यात नाहीत असं म्हटलं, तर उद्या ज्याच्याबद्दल मी गप्प बसेन त्याच्या डोक्यात आहेत असं होईल. तिरझाने ते ऐकून घेतलं. शहाणी पोर होती, मान डोलावली. मग म्हणाली, आज वेण्या नकोत, स्टुलावरून लवकर उठते. आणि रबर स्वतःच लावून निघून गेली.

रूल्फीन मुख्याध्यापिकेकडे गेली. हेलेनबाई कनवाळू होत्या, पण त्यांनी हात वर केले. वाढदिवसाला कुणाला बोलवावं हा घरचा प्रश्न. आणि नाव न घेण्याचा नियम तर तुमचाच, रूल्फीनबाई. ते खरंच होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीची राखण केली ती अशी एका पोरीच्या अंगावर उलटावी ह्याचा तिला संताप आला, आणि तो मुख्यतः स्वतःवरच होता. वेण्या मार्लूसने घातल्या नव्हत्या.

माहितीच्या संध्याकाळी सभागृह भरलं. प्रत्येकाला कॉफी आणि एक बिस्किट, मग डब्याचं झाकण बंद. वुब्बो पहिल्यांदाच आला होता, कामावरच्या जाकिटातच, मागच्या भिंतीला टेकून. शेजारणीने त्याला पाठवलं असावं. रूल्फीनने नेहमीचं सगळं सांगितलं. फणी दाखवली, कागद दाखवला. प्रश्न आहेत का, असं विचारताच मार्लूस उठली.

"उवा चालत येतात हे कळलं. कुठून चालत येतात ते मात्र विचारायचं नाही. मी महिनाभर चादरी धुतेय. स्टुलावर सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं ते वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. मग आम्हीच का आंधळं व्हायचं?"

सरळ बोलण्याचा ह्या लोकांना भारी अभिमान. पण इतकं सरळ झालं की तेही कपात बघतात. माना कुणाच्या वळल्या नाहीत, डोळे तेवढे मागच्या भिंतीकडे गेले. वुब्बोने कप खिडकीत ठेवला आणि जाकिटाची चेन वर ओढली. हेलेनबाई म्हणाल्या, आपण नावं घेत नाही.

"एक नाव घेता येईल," रूल्फीन म्हणाली. "माझं."

कुणाला काही कळलं नाही. तिने फणी टेबलावर ठेवली.

"माझ्या डोक्यात आहेत. मी प्रत्येक पोरावर वाकते, डोक्याला डोकं लागतं. दुसऱ्यांची बघता बघता स्वतःचं बघायचं राहिलं. आल्या असतील तर माझ्याकडून आल्या. आणि स्टुलावर जास्त वेळ बसण्याचं म्हणाल, तर मला वेणी घालायला आवडते. मला मुलगी नाही. ह्यापलीकडे त्यात काही नाही."

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी डोकं खाजवलं, आणि ते बघून शेजारच्याने, आणि बघता बघता सगळं सभागृह खाजवू लागलं. मार्लूस खाली बसली. तिला दोषी मिळाला होता, पण ज्या माणसाने तिच्या लेकीच्या डोक्यावरून इतका हळुवार हात फिरवला त्यालाच फैलावर कसं घ्यायचं ते तिला सुचेना. वुब्बो गेला नाही. चेन गळ्यापर्यंत ओढलेली, तसाच तो शेवटपर्यंत उभा राहिला.

घरी रूल्फीनच्या नवऱ्याने, हार्मने, चष्मा लावून तिचं डोकं दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ शोधलं.

"अगं, काही नाही इथे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

हार्मने चष्मा काढला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं.

शाळेने तिला फुलं दिली, सुंदर होती, आणि फणी ठेवून घेतली. नवीन उवांची आई नेमली, तरुण, तिला भिंगाचा दिवा दिला. केस कापणारीने रूल्फीनला महिन्याने या म्हणून सांगितलं. चर्चनंतरच्या कॉफीला तिच्या शेजारची खुर्ची कुणी घेत नव्हतं. सगळे हसून बोलत, पण हाताच्या अंतरावरून. लहानपणी अंगावर आलं होतं तेच हे, फक्त ह्या वेळचं रॉकेल तिने स्वतःच ओतून घेतलं होतं. बुधवारी सकाळी ती लवकर उठे, आणि उठून काय करायचं ते तिला कळत नसे. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. वेण्यांचं मात्र नाही.

तिरझाला आमंत्रण मिळालं. मार्लूसने ते स्वतः वुब्बोच्या दारात नेऊन दिलं, आणि एवढं करायला काळीज लागतं, हेही सांगायला हवं.

वाढदिवसानंतरच्या आठवड्यात एका दुपारी रूल्फीनच्या मागच्या दारावर थाप पडली. वुब्बो उभा होता, आणि त्याच्या पुढ्यात तिरझा, केस मोकळे सोडलेले. रूल्फीन चटकन मागे सरली आणि म्हणाली, लांब राहा हो, माझ्या डोक्यात आहेत.

"असू देत," वुब्बो म्हणाला. "आता आमच्याही आहेत. सगळ्या पोरी एकाच उशीवर डोकी लावून रात्रभर गप्पा मारत होत्या म्हणे. मार्लूसबाईंचा सकाळी फोन आला, पार रडकुंडीला आल्यात. म्हणून तुमच्याकडे आलो, फणी कशी फिरवायची ते एकदा शिकवा मला. सभेत ऐकलं, पण हात चालत नाही."

रूल्फीनने स्वयंपाकघरातलं स्टूल खिडकीपाशी ओढलं. केस ओले केले, कंडिशनर लावलं, वुब्बोला शेजारी उभं करून कानामागून फणी घातली. तिरझा एका जागी ठरत नव्हती. कुणाकुणाला झाल्यात ते ती बोटांवर मोजून सांगत होती, सगळ्या मुलींची नावं, आणि शेवटी स्वतःचं. तिला गप्प करावं असं रूल्फीनच्या मनात येऊन गेलं, पण तिने केलं नाही.

फणी पांढऱ्या कागदावर पुसली, आणि एक ऊ त्यावर चालायला लागली. तिरझा स्टुलावरून वाकली, नाक कागदाला टेकेपर्यंत.

"रूल्फीनबाई," तिने विचारलं, "ही लिंडेची असेल का हो?"