बर्बनच्या पिंपातली तुळस

बाबा गेल्यावर आईला आम्ही पुण्याहून लंडनजवळच्या पिनरला आणलं आणि पहिल्या आठवड्यापासून तिने एकच धोशा लावला, "मला परत जाऊ दे. इथे माझं काय काम आहे?" आमचा कुकरसुद्धा इलेक्ट्रिक. शिट्ट्या मोजण्याचंही काम तिला उरलं नव्हतं.

तिचं मन रमावं म्हणून माझ्या नवऱ्याने गार्डन सेंटरमधून अर्धं कापलेलं एक लाकडी पिंप आणलं, कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत ठेवलं आणि आईने त्यात तुळस लावली. तुळस अशी फोफावली की विचारू नका. सकाळी पाणी घातलं, हीटिंग सुरू झालं की पिंपातून गोड, किंचित जळका वास यायचा. "देवाच्या दारचं लाकूड दिसतंय," असं म्हणून आई प्रदक्षिणा घालताना मुद्दाम दीर्घ श्वास घ्यायची. जावयाचं कौतुक तर इतकं, की माझ्याच घरात मी सून झाले.

तुळशीच्या लग्नाला शेजारच्या इंग्रज आजोबांना लाडू खायला बोलावलं. त्यांचा सगळा जन्म दारूच्या घाऊक व्यापारात गेलेला. त्यांनी आत येताच नाक वर केलं आणि ते आनंदाने ओरडले, "केंटकी बर्बन!"

नवरा एकाएकी दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवण्यात गर्क झाला.

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं.

"मक्याचं काहीतरी असतं या पिंपात. पेय."

"दारू म्हण की सरळ! आढेवेढे कसले घेतेस?"

आता आई तुळस उपटणार आणि पुण्याचं विमान धरणार, असं मला वाटलं. खरंच भीती वाटली. तिकडच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटीला कसं सोडायचं?

आजोबा आपले रंगात आले होते. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मका. पिंप नवं कोरं, ओकचं, आतून जाळून काळं केलेलं. व्हॅनिलासारखा वास त्याचाच. आणि तिकडे अमेरिकेत कायदा असा की एकदा वापरलेल्या पिंपात पुन्हा बर्बन मुरवायची नाही. मी मुकाट्याने सगळं मराठीत सांगत गेले.

"म्हणजे उष्टं चालत नाही त्यांना?" आई म्हणाली. "बरे सोवळ्याचे दिसतात."

"मग ही पिंपं स्कॉटलंडवाले घेतात," मी सांगितलं. "त्यात व्हिस्की मुरवतात."

"अगंबाई! एवढी मिरवायची ती स्कॉच उष्ट्या पिंपातली होय? तुझे बाबा हवे होते हे ऐकायला."

एवढं बोलून ती हसली आणि डोळे पुसून पिंपाच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"तिकडचं काम संपलं म्हणून याला बोटीत घालून इकडे पाठवलं," ती म्हणाली. "आणि इथे बघ, कुणाचं तरी भलं करतंय." मग जरा थांबून म्हणाली, "राहू दे इथेच."

"पिंप?" मी विचारलं.

"पिंपसुद्धा," आई म्हणाली.